शिरोरेषेत पांढरी भोकं का पडतात? (आकार स्वतःवरच चढला की सॉफ्टवेअर तो कसा भरतं)

मिताली_आरेखन
नमस्कार मंडळी. मी लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, घरांच्या नेमप्लेट वगैरे कामं करते. एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात घोळतेय.

एका नेमप्लेटवर घराचं नाव होतं, 'श्रीनिवास'. सोनेरी छटा 'श्री'पासून 'स'पर्यंत सलग हवी होती, म्हणून कोरल या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं कर्व्ह करून (मजकुराचे नुसते आकार करून), सगळी निवडून कंबाइन केली, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच आकार केला. छटा छान सलग आली. पण एका अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षराच्या शिरोरेषेवर जिथे किंचित चढते, तिथे उभ्या पांढऱ्या फटी दिसायला लागल्या. वेलांटी रेषेला मिळते तिथेही एक बारीक भोक.

मग पाच टोकांची चांदणी हात न उचलता काढून बघितली. कोरलमध्ये तिचा मधला पंचकोन रिकामा राहिला. तेच पाच बिंदू एसव्हीजीत (बिंदू-रेषांनी चित्र नोंदवणाऱ्या फाइलीत) टाकून ब्राउझरमध्ये उघडले, तर चांदणी गच्च भरलेली. बिंदू तेच, रेषा त्याच, मग दोन वेगळी चित्रं कशी? यातलं बरोबर कोण?

जुना_कोरलवाला
कंबाइन नको, वेल्ड करा. काम झालं.

मिताली_आरेखन
काका, वेल्डने चढलेले भाग एकजीव होऊन एकच बाहेरची कड राहते आणि फटी जातात हे माहीत आहे. का पडतात ते कळत नाहीये.

बेझियर
मितालीताई, दोन्ही बरोबर आहेत. रेषा फक्त हद्द आखते. त्या हद्दीतलं 'आत' कुठलं, हे ठरवायला वेगळा नियम लागतो. रेषा स्वतःला कुठेच छेदत नसेल तर वाद उद्भवत नाही, आत आणि बाहेर असे सरळ दोन भाग पडतात. (हे इतकं उघड वाटणारं विधान सिद्ध करायला कामीय जॉर्डन या गणितज्ञाला १८८७ साली बरीच पानं खर्च करावी लागली होती.) रेषा स्वतःवरून गेली की मात्र नियम सांगावाच लागतो. प्रचारात प्रामुख्याने दोन आहेत.

पहिला इव्हन-ऑड. ज्या बिंदूबद्दल शंका आहे तिथून कुठल्याही दिशेला सरळ किरण सोडायचा आणि वाटेत किती रेषा ओलांडल्या ते मोजायचं. विषम आल्या तर आत, सम आल्या तर बाहेर.

दुसरा नॉन-झिरो. किरण तोच, पण इथे रेषा कुठल्या दिशेने काढली होती तेही बघायचं. एका बाजूने जाणारी रेषा अधिक एक, उलट्या बाजूने जाणारी उणे एक. बेरीज शून्य आली तर बाहेर, दुसरं काहीही आलं तर आत. या बेरजेलाच वाइंडिंग नंबर म्हणतात.

वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळतात ते आठवा. तुमचा बिंदू म्हणजे वड आणि पाथ (आकाराची रेषा) म्हणजे सूत. वडाभोवती एकूण किती वेढे पडले, एवढंच नॉन-झिरो विचारतो. कोणी उलट्या फेऱ्या मारून सूत पूर्ण उकललं तर वेढे शून्य, म्हणजे वड बाहेर.

आता तुमची चांदणी घ्या. बिंदू समजा असे: (१००, १०), (४०, १९८), (१९०, ७८), (१०, ७८), (१६०, १९८) आणि परत पहिला. मधल्या पंचकोनातला (१००, ११०) हा बिंदू धरून उजवीकडे किरण सोडा. तो १३२ च्या आसपास एक रेषा ओलांडतो आणि १५० वर दुसरी. दोन्ही रेषा खालून वर जाणाऱ्या. इव्हन-ऑड म्हणतो दोन, म्हणजे सम, म्हणजे रिकामं. नॉन-झिरो म्हणतो एक अधिक एक दोन, शून्य नाही, म्हणजे भरलेलं. वरच्या टोकातला (१००, ५०) घेतला तर एकच रेषा लागते, तिथे दोघांचं एकमत.

कोरलने पहिला नियम लावला आणि ब्राउझरने दुसरा. एसव्हीजीत काही सांगितलं नसेल तर नॉन-झिरोच धरतात.

टिकलीभर
वडाच्या धाग्यावरून सुरू झालेला धागा! वाचनखूण साठवली.

अक्षरवेडा
बेझियर यांनी नियम सुंदर सांगितले. फाँटच्या बाजूने थोडी भर घालतो.

मितालीताई, कंबाइन करायच्या आधी फटी का नव्हत्या? कारण तेव्हा 'नि', 'वा', 'स' हे वेगवेगळे आकार होते आणि एकावर एक रंगवले जात होते. देवनागरी फाँटमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा मुद्दाम थोड्या एकमेकींवर चढवतात, नाहीतर छपाईत किंवा पडद्यावर मधे केसाएवढी चीर दिसते. कंबाइन केल्यावर सगळे मिळून एकच पाथ झाला. चढलेल्या पट्टीतला बिंदू दोन आयतांच्या आत, किरण दोन कडा ओलांडणार, दोन सम. झाली फट.

खुद्द फाँटमध्ये नॉन-झिरो चालतो आणि दिशेला फार महत्त्व असतं. ट्रूटाइप या फाँटच्या प्रकारात बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने आणि आतल्या पोकळीची कड उलट. पोस्टस्क्रिप्ट जातीच्या फाँटमध्ये नेमकं याच्या उलट. 'व'चं पोट, 'ठ'चा गोल, 'भ'ची गाठ हे सगळं पोकळ राहतं ते या उलट दिशेमुळे, अधिक एक आणि उणे एक मिळून शून्य होतं म्हणून. 'व'च्या आतल्या कडेची दिशा चुकली की पोट भरून जातं आणि अक्षराचा काळा ठिपका होतो.

व्हेरिएबल फाँट (एकाच फाइलीत जाडी हवी तशी बदलता येणारे) आल्यापासून तर एकाच अक्षरातले भाग एकमेकांवर चढलेले तसेच ठेवावे लागतात. दंड वेगळा, शिरोरेषा वेगळी, पोट वेगळं. जाडी बदलली की छेदनबिंदू सरकतात, त्यामुळे भाग आधीच वेल्ड केले तर हलक्या आणि ठळक रूपातले बिंदू एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून ट्रूटाइपमध्ये 'इथे कडा एकमेकींवर चढल्या आहेत' असं रेंडररला (अक्षर रंगवणाऱ्या सॉफ्टवेअरला) सांगणारा एक बिटही आहे. अशा फाँटला वेबपानावर बाह्यरेषा लावून बघा, दंड आणि शिरोरेषेच्या मिलाफात आतल्या रेषा लख्ख दिसतील.

इव्हनऑड_समर्थक
मला विचाराल तर इव्हन-ऑडच स्वच्छ नियम. रेषा डावीकडून काढली की उजवीकडून, याची फिकीर नाही. चित्रात दिसतं तेवढंच मोजायचं. नॉन-झिरोमध्ये दोन फाइली डोळ्यांना तंतोतंत सारख्या दिसतात, पण एकीत आतलं वर्तुळ उलटं काढलेलं असतं आणि भरल्यावर वेगळीच निघते. न दिसणाऱ्या गोष्टीवर चित्र अवलंबून असावं हे मला पटत नाही. विंडोजच्या जुन्या जीडीआय या चित्रं काढायच्या यंत्रणेतही बहुकोन भरताना हाच नियम मुळात धरलेला असतो, तिथे त्याला ऑल्टरनेट म्हणतात. विंडोजच्याच नंतरच्या डब्ल्यूपीएफमध्येही तेच.

अक्षरवेडा
@इव्हनऑड_समर्थक, असहमत. लिहिताना हात स्वतःच्याच रेषेवरून जातो. 'ळ' काढा, 'क्ष' काढा. बोरूची जाड रेषा स्वतःवरून गेली तर तिथे शाई दुप्पट लागेल, कागद पांढरा कसा होईल? अक्षरांसाठी आणि ब्रशसाठी नॉन-झिरोच नैसर्गिक. पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेत अडोबीने १९८४ साली दोन्ही दिले, पण साधी 'फिल' आज्ञा नॉन-झिरोची आणि इव्हन-ऑडसाठी वेगळी 'ईओफिल'. पीडीएफमध्येही तोच क्रम: नुसता एफ म्हणजे नॉन-झिरो, एफपुढे तारांकन म्हणजे इव्हन-ऑड.

इव्हनऑड_समर्थक
ब्रशचा मुद्दा मान्य. पण भूमितीय नक्षी, जाळीकाम, लोगो यांत इव्हन-ऑडला तोड नाही. एकात एक दहा वर्तुळं टाका, कंबाइन करा, पट्टे तयार. नॉन-झिरोमध्ये एकाआड एक वर्तुळ उलटं करत बसा.

पुणे_ते_सॅनहोजे
अगदी याच मुद्द्यावर अँड्रॉइडच्या ॲपमध्ये आमची टीम अडकली होती. डिझायनरने दिलेली चिन्हं संगणकावर नीट दिसायची. मधे भोक असलेलं गिअरचं चिन्ह, कडी असलेलं कुलूप. नवीन फोनवरही नीट. जुन्या फोनवर मात्र गिअर म्हणजे काळी चकती.

डिझायनरचं सॉफ्टवेअर सगळ्या चिन्हांना इव्हन-ऑड लावून एसव्हीजी काढत होतं. अँड्रॉइडच्या व्हेक्टर ड्रॉएबलमध्ये (चिन्हं साठवायच्या फाइलीत) नियम सांगायची सोय आली ती एपीआय २४ पासून, म्हणजे अँड्रॉइड ७ पासून. त्याआधी सरसकट नॉन-झिरो. गिअरची बाहेरची आणि आतली कड एकाच दिशेने काढलेली होती, एक अधिक एक दोन, भोक गायब. उपाय एवढाच की आतली कड उलट दिशेने करायची. तसं केलं की दोन्ही नियमांत एकच चित्र येतं. मला यातली ही गोष्ट सगळ्यात आवडते. दोन्ही नियमांत सारखी दिसणारी फाइल बनवता येते, आणि बनवावी.

रेडियम_कोल्हापूर
भावांनो, तुमचे नियम स्क्रीनवर चालतात. आमच्या प्लॉटरला (स्टिकर कापायच्या मशीनला) भरणं-बिरणं काही कळत नाही. त्याला रेषा दिसली की ब्लेड फिरतं.

गाड्यांवरच्या नावांचं रेडियम कापतो मी. गिऱ्हाईक फाइल देतं, पडद्यावर 'जय शिवराय' एकसंध दिसतं. कापायला लावलं की प्रत्येक शिरोरेषेच्या जोडावर दोन उभे काप. नको तो भाग सोलताना तो बारीक तुकडा नखाला लागून निघून येतो, नाहीतर ट्रान्सफर टेपला चिकटून वर येतो. जोडांवर खिडक्या पडतात. परत कापा, माल वाया.

म्हणून आलेली फाइल मी आधी वायरफ्रेममध्ये बघतो. रंग सगळा जातो, नुसत्या कडा राहतात. आत कुठे रेषेवर रेषा दिसली की वेल्ड. इंकस्केपवाल्यांनी आउटलाइन मोडमध्ये बघावं.

जुना_कोरलवाला
तेच तर पहिल्या ओळीत म्हणालो होतो :)

बेझियर
कोल्हापूरकर, लाख मोलाचं बोललात. वेल्ड आणि फिल रूल (भरण्याचा नियम) या मुळातच वेगळ्या गोष्टी आहेत, तो फरक तुमच्या ब्लेडने दाखवला. नियम पाथला हात लावत नाही, फक्त रंगवताना मोजतो. वेल्ड नवी भूमिती तयार करतं.

मग सॉफ्टवेअर सगळं आपोआप वेल्ड का करत नाही, असं कोणी विचारेल. कारण ते महाग आणि नाजूक काम आहे. दोन घन बेझियर वक्र (अशा सॉफ्टवेअरमध्ये कडा ज्यांनी बनतात ते) एकमेकांना जास्तीत जास्त नऊ ठिकाणी छेदू शकतात. ते छेद दशांशांत शोधायचे, दोन वक्र जवळजवळ एकमेकांवर बसले असतील तर कुठला छेद खरा ते ठरवायचं. तिथेच अनावश्यक नोड (कडेवरचे बिंदू) आणि सुईसारखे काटे निर्माण होतात. याउलट नियम लावणं स्वस्त. पडद्याची एकेक आडवी ओळ घ्यायची, त्या ओळीवरच्या कडा डावीकडून उजवीकडे लावायच्या, आणि चालत जाताना एक बेरीज सांभाळायची. छेदनबिंदू शोधावेच लागत नाहीत.

नेपथ्य
वेल्डला माझा एक आक्षेप. वेल्ड केलं की अक्षरांतली अंतरं नंतर बदलता येत नाहीत. गिऱ्हाईक शेवटच्या क्षणी 'जोशी'चं 'जोशी परिवार' करतं. मूळ मजकूर दुसऱ्या पानावर जपून ठेवल्याशिवाय वेल्डला हात लावू नये.

शून्यबेरीज
गणिताच्या अंगाने थोडं, कारण विषय जिव्हाळ्याचा आहे.

वाइंडिंग नंबर ही चित्रकलेच्या सॉफ्टवेअरने शोधलेली गोष्ट नाही. संमिश्र विश्लेषण शिकलेल्यांना तो लगेच ओळखू येईल: बंद वक्रावर १/(z−a) चं संकलन करा, २πi ने भागा, उत्तर पूर्णांकच येतं आणि तोच a या बिंदूभोवतीचा वेढ्यांचा आकडा.

याचा रोजच्या कामातला परिणाम सांगतो. बहुकोनाचं क्षेत्रफळ काढायचं शूलेस सूत्र बऱ्याच स्क्रिप्टमध्ये वापरतात. रेषा स्वतःला छेदत असेल तर ते सूत्र प्रत्येक भागाचं क्षेत्रफळ त्याच्या वाइंडिंग नंबरने गुणून बेरीज करतं. चांदणीत मधला पंचकोन दोनदा मोजला जातो. इंग्रजी आठच्या आकारात एक फुगा अधिक, एक उणे, दोन्ही सारखे असतील तर क्षेत्रफळ चक्क शून्य. ॲक्रिलिकचे दर चौरस इंचावर लावणाऱ्यांनी हे तपासून घ्यावं.

आणखी एक सुंदर प्रश्न. समजा रबराची एक पातळ चकती आहे. ती ताणून, वाकवून, स्वतःवर चढवून टेबलावर सपाट पसरली. कुठेही घडी घालायची नाही आणि चुरगळायची नाही. तिची कड एखादा वक्र काढेल. आता उलट विचारा: वक्र दिला, तर तो अशा चकतीची कड असू शकतो का? सॅम्युएल ब्लँकने १९६७ साली याचं उत्तर दिलं. पुढे पीटर शोर (हो, क्वांटम अल्गोरिदमवाले तेच) आणि ख्रिस्तोफर व्हॅन विक यांनी १९९२ मध्ये बहुकोनांसाठी ते तपासायची वेगवान रीत मांडली. मिल्नरच्या नावाचा एक वक्र तर असा आहे की तीच कड असलेली चकती दोन खरोखर वेगळ्या पद्धतींनी पसरता येते. म्हणजे कुठला पदर वर आणि कुठला खाली, हे नुसत्या कडेवरून ठरतच नाही. फिल रूल या प्रश्नाला हातच घालत नाहीत, ते प्रत्येक बिंदूला फक्त हो किंवा नाही म्हणतात.

टिकलीभर
मिल्नरचा वक्र शोधून कागदावर गिरवला. संध्याकाळ गेली, पण पेन्सिलने दोन्ही पद्धती जमल्या!

मेटाफाँटकरीण
अवांतर, पण अगदीच नाही. डॉनल्ड क्नूथ यांच्या मेटाफाँट या अक्षरं घडवायच्या प्रोग्राममध्ये कोणी आठच्या आकाराचा वक्र भरायला सांगितला तर ते थांबून 'विचित्र पाथ' अशी तक्रार करायचं आणि वळणांचा आकडा शून्य असल्याचं सांगायचं. तिथे चित्रातला प्रत्येक पिक्सेल हा पूर्णांक असतो. आकार भरला की त्या पिक्सेलमध्ये वाइंडिंग नंबर मिळवला जातो, मग नको ते आकडे छाटायचे. दोन जाड रेषा एकमेकींवरून गेल्या तर छेदात खरंच २ हा आकडा बसतो. हे वाचल्यावर नॉन-झिरो मला पहिल्यांदा मनापासून पटला.

पुणे_ते_सॅनहोजे
त्याच विचाराने ओपनजीएल या ग्राफिक्सच्या यंत्रणेच्या जुन्या टेसेलेटरमध्ये (आकाराचे त्रिकोण पाडणाऱ्या भागात) दोन नाही, पाच नियम आहेत: विषम, शून्येतर, फक्त धन, फक्त ऋण, आणि दोन किंवा अधिक वेढे. शेवटचा फार मजेशीर. दोन आकार एकाच दिशेने काढून तो नियम लावला की फक्त सामाईक भाग उरतो, म्हणजे छेद मोजण्याची आज्ञा न देता इंटरसेक्शन मिळतं.

आणि फ्लॅशच्या (वेबवरच्या जुन्या ॲनिमेशनच्या) सुरुवातीच्या फाइलीत तर भरण्यासाठी असा नियमच नव्हता. प्रत्येक कडेसोबत डावीकडचा रंग आणि उजवीकडचा रंग असे दोन्ही नोंदवलेले असायचे.

मिताली_आरेखन
सगळ्यांचे मनापासून आभार. आता फटी का पडतात हे पक्कं समजलं. मजकुराची प्रत बाजूला ठेवून अक्षरं वेल्ड केली, मग छटा लावली. 'व'चं पोट आणि 'श्री'ची गाठ जागेवर, फटी गेल्या.

पण आता एक नवीनच अडचण. नावाखालची वेलबुट्टी मी इंकस्केपमध्ये करते. उजवी अर्धी काढली, तिची प्रत आडवी उलटवून डावी अर्धी केली, मधे दोन्हींची पानं थोडी एकमेकांवर ठेवली आणि कंबाइन केलं. फिल आणि स्ट्रोकच्या खिडकीत वरच्या उजव्या कोपऱ्यातलं बटण दाबून नॉन-झिरो लावला. तरी मधल्या पानांत भोक आहेच! नॉन-झिरोमध्ये एकावर एक चढलेलं भरतं ना?

बेझियर
फार चांगला प्रश्न. आरशात उलटवल्यावर पाथची दिशाही उलटते. उजवी वेल घड्याळाच्या दिशेने असेल तर डावी उलट्या दिशेने. चढलेल्या जागी अधिक एक आणि उणे एक, बेरीज शून्य, म्हणून भोक. १८० अंशात फिरवली असती तर दिशा तीच राहिली असती आणि जागा भरली असती.

ब्रेक अपार्ट करा (कंबाइन सोडवा), डावी वेल निवडून पाथ मेनूत रिव्हर्स द्या, परत कंबाइन करा. ब्रेक अपार्टने वेलीतल्या पोकळ्याही सुट्या होतील. तसं असेल तर कंट्रोल-झेड करून कंबाइनच्या आधीच्या स्थितीला जा, आणि अख्खी डावी वेल एकत्र असतानाच रिव्हर्स करा, म्हणजे पोकळ्यांची दिशाही बरोबरच बदलेल.

इव्हनऑड_समर्थक
न दिसणारी दिशा म्हणतो ती हीच.

रेडियम_कोल्हापूर
ताई, ही वेल कापायची असेल तर रिव्हर्सच्या फंदात पडू नका. युनियनच करा, म्हणजे इंकस्केपमधलं वेल्ड. रिव्हर्सने पडद्यावर भोक भरेल, पण मधली रेषा तिथेच राहील आणि ब्लेड तिच्यावरून जाईलच.

मिताली_आरेखन
छापायच्या फाइलीत रिव्हर्स केलं, मधलं पान भरलं. कापायच्या फाइलीत युनियन. वायरफ्रेममध्येही बघितलं, आत एकही रेषा नाही.

शेवटचं एक: हीच वेल फोटोवर क्लिप म्हणून लावली (फोटो वेलीच्या आकारापुरताच दाखवला), तर हाच नियम चालेल ना?

पुणे_ते_सॅनहोजे
एसव्हीजीत नाही चालणार. क्लिपसाठी क्लिप-रूल नावाचा वेगळा गुणधर्म आहे. तो क्लिपपाथच्या आतल्या आकारावर लावायचा, आणि न लावल्यास तिथेही नॉन-झिरोच धरला जातो. युनियन केलेली वेल घ्या, म्हणजे कुठलाही नियम असला तरी चालेल.